एकविसावे विमान

ठाण्याहून एका गृहस्थांचे पत्र आले आहे. पत्र तक्रारीचे आहे, पण तक्रार आमच्याबद्दल नसून चिरंजिवांबद्दल आहे, म्हणून ते सबंध छापायला आम्हांला आवडले असते. परंतु ते फार लांब आहे. मतलब एवढाच की, मुलाला गेल्या वर्षी संगणकावर विमान चालवण्याचा कार्यक्रम घेऊन दिला, त्यात वीस विमाने आयती मिळाली, आणि आता दिवाळीच्या तोंडावर चिरंजीव म्हणतात, आणखी एक विमान विकत घ्या, किंमत सुमारे चार हजार रुपये. "विसांपैकी अठरा विमाने नुसती पडून आहेत," गृहस्थ लिहितात, "मग एकविसावे कशाला? बरे, चार हजारांना आणलेली वस्तू पुसून कपाटावर तरी ठेवता आली असती. ही तर हातातही धरता येत नाही!"

प्रश्न रास्त आहे. असाच प्रश्न विचारणारी आणखी बरीच पत्रे आमच्या टेबलावर आहेत. दिवाळी अंकात सदराला पाने थोडी ऐसपैस मिळतात, तेव्हा हा विषय या खेपेला निकालात काढू या.

आधी हे सांगायला हवे की, ही आयती विमाने म्हणजे लग्नाच्या पंगतीतल्या भाज्या. सगळ्यांना चालाव्यात म्हणून तिखट बेताचे, मीठ बेताचे. मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा कार्यक्रम निघाला तेव्हा त्याच्या साध्या आवृत्तीत वीस विमाने होती. दोन आसनी खेळण्यासारख्या विमानापासून ते अवाढव्य जंबोपर्यंत. ती ज्याने कधी विमान चालवले नाही त्यालाही अर्ध्या तासात आकाशात नेतात, आणि हे काही थोडे काम नव्हे. पण ज्याला त्या अर्ध्या तासानंतरचे हवे असते, तो बाहेरून वेगळे विमान आणतो. त्यालाच ही मंडळी 'ॲड-ऑन' म्हणतात. मराठीत 'वरखर्च' म्हटले तरी अर्थाला बाध येत नाही.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना मात्र संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एड लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास या लिंकने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप घेऊन एक बसके लाकडी विमान तयार केले. दांडी हलवली की भात्यांत हवा शिरे आणि विमान डुले. म्हणजे आपल्या पेटीचाच हा दूरचा नातेवाईक! सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीच्या बागांतच विकले गेले. मग १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपाल नेण्याचे काम आले, खराब हवेत एकामागून एक वैमानिक मेले, आणि लष्कराने लिंककडून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्या निळ्या डब्यांत बसून लाखो वैमानिक ढगांत आंधळे उडायला शिकले. घरातल्या संगणकावर हा खेळ आणला ब्रूस आर्टविक यांनी, १९७९-८० च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टच्या नावाने तो १९८२ साली आला. त्यात सुरुवातीला विमान शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभे असे. ती खरी धावपट्टी २००३ सालच्या मार्च महिन्यात महापौरांच्या हुकमाने एका रात्रीत खणून काढली गेली. जगभरच्या मुलांनी घरबसल्या जिथून पहिले उड्डाण केले ती जागा आता फक्त संगणकात उरली आहे.

असो. मुद्द्याकडे वळू. विमान 'खरे' वाटते म्हणजे काय?

दिवाळीत आपली मुले किल्ला करतात. कुणाच्या किल्ल्यावर हिरवेगार हळीव उगवलेले, बुरुज रंगवलेले, मावळे चकचकीत. पण दरवाजा असा की शत्रू सरळ आत यावा. दुसऱ्याचा किल्ला ओबडधोबड मातीचा, पण पाणी ओतले तर ते टाक्यात साठते. विमानांतही हे दोन पंथ आहेत. चित्र सुंदर काढणारे कारागीर पुष्कळ: खुर्चीच्या कातड्यावरच्या सुरकुत्या दिसतात, काचेवर बोटांचे ठसे दिसतात. विक्रीच्या पानावर तेवढेच दिसते, म्हणून गिऱ्हाईक तेवढ्यालाच भुलते. वागणूक चित्रात दिसत नाही. आणि चार हजार रुपये द्यायचे ते वागणुकीचे, हे आमचे मत आम्ही ठासून सांगतो.

वागणूक पारखायची कशी? सोन्याला कसोटीचा दगड असतो, तशी विमानाला त्याची पुस्तिका असते. प्रत्येक खऱ्या विमानाबरोबर त्याच्या कारखान्याची पुस्तिका येते आणि त्यात आकडे असतात. सेस्ना १७२ चे उदाहरण घेऊ. हे विमान १९५६ पासून विकले जाते आहे, आजवर ४४ हजारांहून अधिक बनली, इतकी दुसऱ्या कोणत्याच विमानाची बनली नाहीत. त्याच्या 'एस' नमुन्याचे इंजिन १८० अश्वशक्तीचे. पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला, ते सुमारे ९६० फूट धावून जमीन सोडते आणि मिनिटाला ७३० फूट चढते. साडेआठ हजार फुटांवर पाऊणपट शक्तीने १२४ नॉट वेग देते. इंजिन बंद पडले तर ६८ नॉट वेग राखायचा. हजार फूट उंचीमागे ते जवळजवळ दीड सागरी मैल तरंगत जाते. आता चिरंजिवांना म्हणावे, पाच हजार फुटांवर जा, थ्रॉटल मिटव, ६८ वर धर आणि किती लांब जातोस ते नकाशावर मोज. साडेसात मैलांच्या आसपास गेले तर विमान बनवणाऱ्याने पुस्तिका वाचली आहे. बारा मैल गेले तर ते विमान नव्हे, पतंग आहे.

हा प्रयोग आयत्या विमानावरही करता येतो, आणि करावाच. पैसे लागत नाहीत, आणि मुलाचे त्रैराशिकही पक्के होते.

दुसरी परीक्षा इंजिनाची. लहान विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारे दोन मॅग्नेटो असतात, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. उड्डाणापूर्वी १८०० फेऱ्यांवर एकेक बंद करून पाहतात. फेऱ्या थोड्या उतरायलाच हव्यात, पण दीडशेहून जास्त नाही, आणि दोहोंतला फरक पन्नासाच्या आत. ज्या विमानात एक मॅग्नेटो बंद केला तरी काटा हलत नाही, किंवा दर वेळी नेमका तेवढाच हलतो, तिथे इंजिन नाही, इंजिनाचे चित्र आहे. मग मिश्रणाची दांडी हळूहळू ओढून पाहावी: पेट्रोल कमी होत जाते तसा आवाज आधी किंचित सुधारतो, मग खरखरतो, मग इंजिन दम टाकते. स्टोव्हला पंप मारून ज्यांनी चहा केला आहे अशा आमच्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

जुन्या पद्धतीच्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनाची गंमत आणखी निराळी. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची वाफ होते तेव्हा तिथली हवा एकदम गार पडते, इतकी की बाहेर कोकणातल्या डिसेंबरातल्यासारखी सुखद, दमट हवा असली तरी आत बर्फ धरू शकतो. वैमानिकाला वाटते, थंडी कुठे आहे? आणि इंजिन हळूहळू दम तोडत असते. यासाठी गरम हवेची एक दांडी असते. ती ओढली की फेऱ्या आधी उतरतात. बर्फ असला तर इंजिन खोकते, थरथरते आणि मग, बर्फ वितळून गेला की, फेऱ्या वर चढतात. ते खोकणे ऐकून नवशिका घाबरून दांडी परत ढकलतो आणि तिथेच घात होतो. हा सगळा क्रम जे ॲड-ऑन बरोबर दाखवते, त्याच्या कारागिरावर आमचा विश्वास बसतो. त्याने दाराची कडीसुद्धा बरोबर लावली असणार.

तिसरी परीक्षा पायाची. एका पंख्याचे विमान पूर्ण जोरात धावू लागले, वर चढू लागले, की त्याचे नाक डावीकडे ओढते. उजव्या पायाने सुकाणू दाबून ते सरळ ठेवावे लागते. पाय न लावता जे विमान सरळ चढते ते शिकवणार काय? मात्र कित्येकदा विमान खरे असते आणि कार्यक्रमातल्या मदतीच्या सोयी चालू राहिलेल्या असतात. त्या आधी बंद करून मग विमानाला नावे ठेवावीत.

आता नावे. कोणत्या कारागिराचे विमान घ्यावे, असे स्पष्ट विचारणाऱ्यांना स्पष्ट उत्तर द्यायला हवे.

शिकण्याच्या दृष्टीने आमची पहिली शिफारस साध्या, चाके न मिटणाऱ्या, चार आसनी विमानाची. इंग्लंडच्या जस्ट फ्लाइट कंपनीचे पायपर वॉरियर हे असे विमान आहे. १६० अश्वशक्ती, कार्ब्युरेटर, घड्याळांसारखे गोल काटे. खऱ्या शिकवणाऱ्या संस्थांत या जातीची विमाने वर्षानुवर्षे राबली. यात एक बारीक गोष्ट आहे. सेस्नामध्ये दोन्ही पंखांतल्या टाक्यांतून एकदम पेट्रोल घेता येते. पायपरच्या या घराण्यात एका वेळी एकाच टाकीतून. दर अर्ध्या तासाने हाताने टाकी बदलायची. आमच्या शेजारचा मुलगा नाशिकच्या पलीकडे डोंगरावर असताना त्याचे इंजिन बंद पडले. तो कंपनीला दूषणे देत पत्र लिहायला बसला होता, तेव्हा त्याच्या आजोबांनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, उजवी टाकी तर भरलेली दिसते आहे." आजोबा कुळकायदा खात्यात होते. खऱ्या जगात या एका विसरण्याने भरल्या टाकीनिशी विमाने शेतात उतरली आहेत, माणसे दगावली आहेत.

दुसरी शिफारस, ज्याला पहिल्या विमानाची सवय झाली त्याच्यासाठी: ए-टू-ए या अमेरिकन कंपनीचे पायपर कोमांची २५०. याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ज्याला 'खरे' म्हणतात ते इथे निराळ्याच दिशेने गेले आहे. कंपनीने स्वतःजवळ असलेल्या खऱ्या कोमांचीवर मोजमापे घेऊन हे तयार केले. चाके पोटात मिटतात, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो, इंजिन अडीचशे अश्वशक्तीचे. पण विशेष ते नव्हे. विशेष हे की, विमानाला स्मरणशक्ती आहे. काल थंड इंजिनाला घाई केलीत, तर आज ते लक्षात ठेवते. जमिनीवर उगाच घट्ट मिश्रणावर रेंगाळलात तर प्लगवर काजळी धरते. दिवा चालू ठेवून जेवायला गेलात तर बॅटरी उतरते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून तेल पाहावे लागते, टाकीतल्या पेट्रोलचा नमुना काढून त्यात पाणी नाही ना ते पाहावे लागते. संगणक बंद करून उद्या लावला की नवे कोरे विमान मिळते, ही सगळ्या खेळांची सवलत इथे नाही. बिघाड आपोआप नाहीसा होत नाही. कार्यशाळेत नेऊन दुरुस्त करावा लागतो.

काही मुलांना हे जाच वाटते. त्यांच्यासाठी हे विमान घेऊ नये, पैसे वाया जातील. ज्या मुलाला सायकलचे ब्रेक स्वतः बसवायला आवडतात, त्याला ते वर्षभर पुरेल.

ब्लॅक स्क्वेअर नावाचे आणखी एक कारागीर आहेत. जुन्या गोल काट्यांची विमाने आणि नाना तऱ्हेचे बिघाड ही त्यांची खासियत. त्यांचे काम उत्तम, पण त्यांची बरीचशी विमाने मोठी, दोन इंजिनांची किंवा टर्बाइनची. नवशिक्याला ते ताट जड होईल. आणि पडदेवाले आधुनिक कॉकपिट घ्यावे की काटेवाले? मुले पडदे मागतात. आम्ही काटे म्हणू. पडदा सगळे आकडे वाढून देतो; काट्यांकडे पाहून मनात चित्र जुळवावे लागते, आणि एक काटा हळूहळू खोटे बोलू लागला तर बाकीच्यांवरून त्याला पकडावे लागते. यात खरी बुद्धी लागते.

खरेदीआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमाचे विमान एक्स-प्लेनमध्ये चालत नाही, आणि उलटही नाही. २०२० च्या आवृत्तीसाठी केलेली पुष्कळशी विमाने २०२४ च्या आवृत्तीत चालतात, सगळी नाहीत; विक्रेत्याच्या पानावर तसे लिहिलेले असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एक्स-प्लेन हा अमेरिकेतल्या ऑस्टिन मायर यांचा कार्यक्रम. तो पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा वाऱ्याचा जोर वेगळा मोजतो. त्याचा फुकट नमुना मिळतो, तो आधी लावून पाहावा. घरचा संगणक पेलतो की नाही ते कळते.

आता दुसरे पत्र. ते बोरिवलीहून एका बाईंचे आहे आणि ते आम्ही दोनदा वाचले. त्यांची मुलगी बारावी शास्त्रशाखेला आहे. दोन वर्षे ती रोज रात्री अभ्यास आटोपून संगणकावर विमान चालवते. तिला वैमानिकच व्हायचे आहे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, खर्च अनेक लाखांचा. तिचे वडील राहत्या जागेवर कर्ज काढायच्या विचारात आहेत. बाई विचारतात, "ती संगणकावर फार छान उडवते असे तिचे मित्र म्हणतात. त्यावर विसंबून जागा गहाण टाकावी का? की आणखी खऱ्यासारखे विमान घेऊन देऊन आधी पारखावी?"

बाई, आधी डॉक्टर. व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाचा वैद्यकीय दाखला लागतो. चष्मा असला म्हणजे सगळे संपले असे नाही, पण रंग ओळखण्यातला दोष, कान, हृदय यांची तपासणी कर्जाच्या अर्जाआधी व्हायला हवी, नंतर नव्हे. मग तिला एकदा खऱ्या लहान विमानातून, शिक्षकाबरोबर, उन्हाळ्याच्या दुपारी फिरवून आणा. दुपारीच. तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते तेव्हा पोटात काय होते, हे जगातला कोणताही पडदा सांगू शकत नाही. खुर्ची हलत नाही, कान दुखत नाहीत, जिवाची भीती नाही, तोवर हात कुणाचाही स्थिर असतो. आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्या दोनशेत धरला जात नाही.

मग संगणकाचा उपयोग काय? मित्र म्हणतात ते 'छान उडवणे' बाजूला ठेवा. ते स्मरणशक्तीवाले विमान तिला घेऊन द्या आणि दोन महिने तिच्याकडे पाहा, विमानाकडे नको. पहिल्या दिवशी तेल कुणीही तपासते. चाळिसाव्या दिवशी, उद्या चाचणी परीक्षा असताना, कुणी पाहत नसताना, ती यादी हातात घेऊन पुन्हा तेल तपासते का? हवा वाईट आहे असे दिसल्यावर 'आज नाही' म्हणून संगणक बंद करते का? हे दिसले तर कर्जाचा विचार निदान पुढे न्यायला हरकत नाही. हे दिसले नाही, तरी ती वाईट मुलगी ठरत नाही; तिला विमान आवडते, विमानाची नोकरी आवडेलच असे नाही, इतकेच. आणि हे चार हजारांत कळलेले बरे. निर्णय तिच्या वडिलांवर किंवा तुमच्यावर एकट्याने टाकू नका. तिला समोर बसवून हप्त्याचा आकडाही सांगा. सतरा वर्षांच्या मुलीला तो आकडा समजतो.

जाता जाता तिच्यासाठी एक सूचना. संगणकावर शिकून आलेल्या मुलांबद्दल खऱ्या शिक्षकांची एकच कुरकुर असते: ही मुले काट्यांकडेच पाहत बसतात, खिडकीबाहेर पाहत नाहीत. लहान विमान क्षितिजाकडे पाहून उडवायचे असते. उपाय घरगुती आहे: जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून पडद्यावरच्या काट्यांवर लावावा आणि नाकाच्या टोकाचे क्षितिजाशी अंतर पाहून विमान सरळ ठेवावे. पंधरा दिवसांत मान वर होते.

ठाण्याच्या गृहस्थांना आमचे उत्तर असे. एकविसावे विमान घेऊन द्या, पण एकच, आणि बाविसावे वर्षभर नाही. हातात दांडी आणि पायाखाली पेडल नसतील तर आधी ती घ्या. कळफलकाच्या बटणांवर उजवा पाय कसा शिकणार? बाहेरची बहुतेक लहान विमाने दोन ते साडेचार हजारांत येतात आणि नाताळच्या सुमारास पुष्कळांच्या किमती उतरतात, तेव्हा चिरंजिवांना दीड महिना थांबवता आले तर पाहा. तोवर त्या अठरा पडीक विमानांतली सेस्ना काढून दिवाळीच्या सुट्टीत त्यांना एक काम लावून द्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानातून कराचीहून टपाल मुंबईला, जुहूच्या विमानतळावर आणले. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. पुढे १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ विमानातून हीच वाट पुन्हा एकट्याने केली. चिरंजिवांनीही तशीच करावी: आपोआप चालवणारी कळ बंद, नकाशा कागदावरचा, दिशा होकायंत्रावरून, आणि अहमदाबादला खरोखर उतरायचे. जुहूला येताना डाव्या हाताला सांताक्रूझची लांबलचक धावपट्टी दिसेल. ती आपली नव्हे. आपली आखूड, समुद्राच्या बाजूची.